परसदारी कार्डिनल यावा म्हणून
(बी. कॉम. भाग २)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने पक्ष्यांवर लेख लिहावा याचे विज्ञान शाखेच्या मित्रमैत्रिणींनी वाईट वाटून घेऊ नये. हा लेख पक्ष्यांवर जितका आहे त्याहून अधिक खरेदीवर आहे, आणि खरेदी हा आमचा प्रांत आहे. वस्तू कोणती घ्यावी, तिच्यात काय भरावे आणि घेतल्यावर ती कोठे ठेवावी, एवढ्या तीन प्रश्नांची ही हकिगत आहे. फरक इतकाच की या व्यवहारात पैसे देणारा एक आणि गिऱ्हाईक दुसरेच. गिऱ्हाईकाचे वजन ४५ ग्रॅमच्या आसपास. त्याला जाहिरात वाचता येत नाही, आणि वस्तू पसंत पडली नाही तर ते तक्रारही करीत नाही. येतच नाही.

आजोबा गेल्यानंतर दोन वर्षांपूर्वी माझी आजी शहापूरचे घर बंद करून मामाकडे गेली. मामा अमेरिकेत, ओहायो राज्यातील कोलंबस शहरी राहतो. सकाळी मामा-मामी कामावर जातात, मामेभाऊ शाळेत जातो, आणि घरात राहतात आजी व स्वयंपाकघराची खिडकी. शहापूरला असताना परड्यात मूठभर जोंधळा टाकल्याशिवाय तिने कधी चहा घेतला नाही. तिकडेही तिने तेच सुरू केले. भारतीय दुकानातून जोंधळा आणविला आणि मागच्या दारी पसरला. आल्या त्या चिमण्या आणि पारव्यासारखे काही पक्षी. शेजारणीच्या परसात मात्र रोज एक लालभडक, डोक्यावर तुरा असलेला पक्षी उतरे. त्याचे नाव कार्डिनल. आठवड्यातून तीनदा तरी फोनवर मला एकच वाक्य ऐकू येई, "तो आमच्याकडं येत नाही गं. शेजारणीकडं येतो."

दिवाळीला मामाने तिला एक फीडर आणून दिला. फीडर म्हणजे पक्ष्यांसाठी दाणे भरून टांगावयाचे भांडे. तिकडे घरोघर हे असते, आणि त्याचे इतके प्रकार आहेत की आपल्याकडच्या भांड्यांच्या दुकानात डब्यांचे नसतील. मामाने आणलेला फीडर दिसावयास सुंदर होता, काचेसारखी पारदर्शक उभी नळी आणि तिला हिरव्या रंगाच्या बोटभर काड्या. महिना गेला. लाल पक्षी दोनदा आला, त्या काडीवर कसाबसा लोंबकळला, आणि उडून पुन्हा शेजारणीकडे गेला. आजीने त्यातून आपला निष्कर्ष काढला, "आपल्या हातचं त्याला नको असेल."

या वाक्यामुळे मी वाचावयास बसले. आधीच कबूल करते की हा पक्षी मी स्वतःच्या डोळ्यांनी प्रत्यक्ष पाहिलेला नाही. तो मूळचा उत्तर व मध्य अमेरिकेतला, आणि माझा प्रवास बेळगावहून कोल्हापूर, धारवाड व पणजी एवढाच झालेला आहे. परंतु न पाहिलेल्या कंपन्यांचे ताळेबंद आम्ही वर्षभर तपासतोच, तेव्हा ही अडचण मला फारशी मोठी वाटली नाही.

प्रथम गिऱ्हाईकाची ओळख करून घेऊ. कार्डिनलची लांबी २१ ते २३ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या महाविद्यालयाच्या आवारातील लालगाल्या बुलबुलाहून किंचित मोठा. तुराही थोडा बुलबुलासारखाच. नर संपूर्ण लाल, चोचीभोवती काळा मुखवटा. मादी बदामी-तपकिरी, पंख, तुरा व शेपटी यांवर तांबूस झाक. चोच दोघांचीही जाड, शंकूसारखी आणि नारिंगी-तांबडी. ख्रिस्ती धर्मपीठातील कार्डिनल लाल झगा घालतात, त्यावरून पक्ष्याचे हे नाव पडले. गोव्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्राव २०२२ च्या ऑगस्टमध्ये कार्डिनल झाले तेव्हा वृत्तपत्रांत जी छायाचित्रे आली ती ज्यांना आठवत असतील, त्यांना या पक्ष्याचा रंग वेगळा सांगावयास नको.

अमेरिकेत हा पक्षी इतका लाडका आहे की सात राज्यांनी त्याला आपला राज्यपक्षी केले आहे. केंटकीने १९२६ साली सुरुवात केली, ओहायोने १९३३ साली. कर्नाटकाचा राज्यपक्षी नीलकंठ आणि महाराष्ट्राचा हरियाल. तिकडे सात राज्ये एकच पक्षी वाटून घेतात आणि त्यावरून कोणी न्यायालयात गेल्याचे ऐकिवात नाही, हे सीमाभागातील मुलीच्या मनात आल्यावाचून राहात नाही.

लाडकेपणाला दुसरीही बाजू होती. एकोणिसाव्या शतकात याच रंगासाठी आणि गोड शिळेसाठी कार्डिनल पकडून पिंजऱ्यात विकले जात, जहाजांतून युरोपात पाठविले जात. 'व्हर्जिनियाचा नाइटिंगेल' या नावाने तिकडे ते विकले जात असत. १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांविषयीच्या कायद्याने हा धंदा बंद झाला. गंमत अशी की कार्डिनल स्थलांतर करीतच नाही. बारा महिने तो आपल्याच परिसरात असतो. तरी कायद्याने त्याला आपल्या छत्राखाली घेतले. त्यामुळे आज अमेरिकेत या पक्ष्याला जवळून पाहावयाचे तर एकच सभ्य मार्ग उरतो, आणि तो म्हणजे त्याला बोलावणे. (आपल्याकडेही अंगणात पिंजरा टांगून पोपट पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते किंवा ठाऊक असूनही नसते.)

बारा महिने राहतो हीच गोष्ट आजीच्या दृष्टीने महत्त्वाची. कोलंबसला डिसेंबर-जानेवारीत बर्फ पडते, झाडे निष्पर्ण होतात, कित्येक पक्षी दक्षिणेकडे निघून जातात. हा मात्र जात नाही. पांढऱ्या परसात तांबडा ठिपका दिसतो तो त्याचाच.

आता फीडर. नळीच्या फीडरचे काय चुकले? त्याचे काहीच चुकले नाही. तो दुसऱ्या पक्ष्यांसाठी केलेला आहे. चिकडी, फिंच असे दहा-वीस ग्रॅमचे पक्षी बोटभर काडीवर सहज बसतात, मान वाकडी करून बाजूच्या भोकातून दाणा ओढतात. कार्डिनल अंगाने मोठा, त्याची शेपटी लांब, आणि त्याला दाण्यासमोर तोंड करून, पाय पसरून बसावयास आवडते. अरुंद काडीवर त्याला वळताही येत नाही. आपण एस. टी.च्या फळीवर अर्धे अंग टेकून जेवणाचा डबा उघडावा तशी त्याची स्थिती होते. मूळचा तो जमिनीवर व झुडुपांत टिपणारा पक्षी आहे. आजीच्या हाताचा येथे काहीही दोष नव्हता; पायाला जागा नव्हती, एवढेच.

तेव्हा कार्डिनलसाठी दोन प्रकार योग्य. पहिला परातीसारखा उथळ फीडर. चारी बाजूंनी मोकळा, टांगलेला किंवा खांबावर बसविलेला. यावर पक्षी मनासारखा बसतो, चहूकडे पाहू शकतो. दोष असा की पाऊस व बर्फ थेट दाण्यावर पडतात. म्हणून तळ जाळीचा असावा, पाणी निथळले पाहिजे, आणि एका दिवसात संपेल एवढेच दाणे घालावेत. दुसरा प्रकार कोठीचा. पिठाच्या गिरणीत वरच्या डब्यात धान्य ओतले की ते जसे आपोआप खाली उतरत जाते, तशीच याची रचना. वर उतरते छप्पर, मध्ये दाण्यांची कोठी, खाली पक्ष्याला बसावयास कठडा. दाणे कोरडे राहतात, रोज भरावे लागत नाहीत. घेताना कठडा किती रुंद आहे तेवढे मात्र हाताने मोजून पाहावे. चित्रात सगळेच रुंद दिसतात.

आणि ज्याच्याकडे आधीच नळी आहे त्याने काय करावे? आमच्या खर्चलेखाशास्त्रात बुडीत खर्च नावाची एक संकल्पना आहे. गेलेला पैसा पुढच्या निर्णयात धरू नये, असे ती सांगते. हे तत्त्व मामाला फोनवरून समजावून सांगत असतानाच मला कळले की नळीच्या बुडाला जोडावयाची गोल थाळी वेगळी विकत मिळते. थाळी बसविली की त्याच नळीवर कार्डिनल समोर तोंड करून बसू शकतो. परीक्षेत बुडीत खर्चावर प्रश्न आला तर मी हे उदाहरण लिहिणार नाही, परंतु थाळी स्वस्त पडली खरी.

कार्डिनलसाठी म्हणून लाल रंगाचे फीडरही दुकानांत असतात. तो रंग गिऱ्हाईकाच्या डोळ्यांसाठी आहे, पक्ष्याच्या नव्हे. लाल रंगाकडे ओढले जातात ते हमिंगबर्ड, आणि ते मधुरस पितात. त्यापेक्षा धातूचा किंवा चांगल्या प्लॅस्टिकचा, सगळे भाग सुटे होऊन धुता येतील असा फीडर घ्यावा. लाकडी फीडर फार देखणा असतो, पण लाकूड ओल धरते.

दाण्याचा विषय निघाला की मला थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण येथे आपला जिल्हा ओहायोला जाऊन मिळतो.

कार्डिनलची चोच हा एक अडकित्ता आहे. टणक बी चोचीत फिरवून, फोडून, टरफल टाकून तो गर खातो. त्याला सर्वांत प्रिय बी म्हणजे काळे, तेलाचे सूर्यफूल. याचे टरफल पातळ आणि आत तेल भरपूर. थंडीत पक्ष्याला अंगात ऊब ठेवण्यासाठी तेच हवे असते. खाण्याचे जे पट्ट्यापट्ट्यांचे मोठे सूर्यफूल मिळते त्याचे टरफल जाड असते. कार्डिनल तेही फोडतो, पण काळे अधिक बरे.

दुसरे प्रिय बी 'सॅफ्लावर'. मामाने या बियांची पिशवी आणली, आजीने ती उघडली, मूठ भरून पांढरे टणक दाणे पाहिले, आणि तिकडून व्हिडिओ कॉलवर जवळजवळ ओरडलीच, "अगं ही तर आपली करडई की!"

खरोखरच ती करडई. विजापूर-सोलापूरकडच्या काळ्या रानात रब्बीच्या जोंधळ्याभोवती जिची काटेरी ओळ लावतात, जनावर आत शिरू नये म्हणून, तीच. जिच्या कोवळ्या पाल्याची भाजी आणि जिचे तेल आमच्या आजीच्या पिढीने खाल्ले. आमच्या कन्नड विभागातील मैत्रिणी तिला कुसुबे म्हणतात. मी एका मैत्रिणीला सांगितले की अमेरिकेत कुसुबे पाखरांना घालतात, तेव्हा ती म्हणाली की तिच्या अजोळी पाखरे न विचारताच खातात.

करडईचे महत्त्व असे की ती चवीला कडवट आणि फोडावयास कठीण. त्यामुळे खारी, ग्रॅकल नावाचे काळे दांडगे पक्षी आणि युरोपातून आलेले स्टार्लिंग सहसा तिच्याकडे वळत नाहीत. कार्डिनलला मात्र ती चालते. म्हणजे दाणाच दारावरच्या पहारेकऱ्याचे काम करतो. प्रथमच घालणाऱ्याने सूर्यफुलात थोडी करडई मिसळावी, सवय झाली की प्रमाण वाढवावे. एकदम पालटली तर कार्डिनलही काही दिवस रुसतो.

आणि जोंधळा? आजीचा जोंधळा फुकट गेला त्याचेही कारण मिळाले. तिकडे पक्ष्यांसाठी मिश्र दाण्याच्या स्वस्त पिशव्या मिळतात. त्यात तांबडा जोंधळा, गहू, वरीसारखे बारीक धान्य भर म्हणून घातलेले असते. अमेरिकेच्या पूर्व भागातील बहुतेक पक्षी, कार्डिनल धरून, जोंधळा उपसून खाली टाकतात आणि सूर्यफुलाचे चार दाणे शोधतात. समजा, १० किलोच्या पिशवीत ६ किलो भर असेल आणि पिशवी निम्म्या किमतीला मिळत असेल, तर खाल्ल्या गेलेल्या दाण्याचा दर चांगल्या सूर्यफुलापेक्षा महागच पडतो. शिवाय खाली पडलेला जोंधळा कुजतो, त्याला उंदीर येतात. आजीला हे सांगणे मला जड गेले. तिच्या लेखी जोंधळा नाकारणारा पक्षी म्हणजे नवलच.

पण जोंधळा खाणाऱ्या चिमण्या तरी तेथे कोठून आल्या? त्या आपल्याच चिमण्या आहेत, म्हणजे घरात घरटे करणारी जी चिमणी ती. अमेरिकेत ती नव्हती. १८५१ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात ती युरोपातून आणून सोडण्यात आली आणि पाहता पाहता देशभर पसरली. आज तिकडचे पक्षिप्रेमी तिला उपरी समजतात. ती टोळीने येऊन फीडर बळकावते आणि स्थानिक पक्ष्यांची घरटी हिरावते अशी तिच्यावर तक्रार आहे. चिमणीला टाळावे कसे, यावर तिकडे किती सल्ले आहेत ते वाचून मी थक्क झाले. आजीने मात्र तो सल्ला ऐकावयास साफ नकार दिला. चिमण्यांसाठी तिने एका कोपऱ्यात वेगळी मूठ चालू ठेवली. शास्त्राच्या दृष्टीने हे चूक आहे. मी वाद घातला नाही.

खारींविषयी थोडक्यात. तिकडची करडी खार अर्धा किलोच्या आसपास भरते, आपल्या तीन पट्ट्यांच्या खारीच्या चौपट-पाचपट. ती फीडर रिकामा करते आणि प्रसंगी फोडतेही. यावर स्प्रिंगचा फीडर निघाला आहे, वजन पडले की दाण्याची तोंडे बंद होतात. तो घेतल्यास स्प्रिंग फार हलकी लावू नये. कार्डिनल जोडीने येतात. दोघे मिळून ९०-९५ ग्रॅम होतात, आणि त्यांच्याच तोंडावर दार बंद झाले तर ते परत येत नाहीत. फीडर खांबावर असेल तर खांबाला मध्ये नरसाळ्यासारखी पत्र्याची टोपी बसविणे हा साधा उपाय.

आता जागा. येथे आमच्याकडून जी चूक झाली ती मला लिहिलीच पाहिजे.

कार्डिनल भित्रा आहे. अगदी उघड्यावर तो उतरत नाही. आधी झुडुपात बसून पाहतो, मग येतो. म्हणून फीडर दाट झुडुपापासून तीन मीटरच्या सुमारास असावा. याहून जवळ असेल तर झुडुपात मांजर दबा धरू शकते आणि खार तेथूनच उडी मारते, लांब असेल तर पक्ष्याला आसरा राहात नाही. उंची पुरुषभर ठीक. एवढे मी वाचले होते, आणि तेवढेच मामाला सांगितले. मामाने झुडूप पाहून जागा निवडली, थाळी लावलेला फीडर टांगला. आठ दिवसांत कार्डिनल आला. नर आला, पाठोपाठ मादीही आली. त्या दिवशी आजीने मला फोनवर वीस मिनिटे फक्त त्याचे वर्णन ऐकविले.

फीडर स्वयंपाकघराच्या खिडकीपासून चार-पाच मीटरांवर होता. दहाव्या का अकराव्या दिवशी सकाळी ससाणा घिरट्या घालू लागला, पक्षी एकदम उधळले, आणि मादी थेट काचेवर आदळली. काचेत तिला समोरचे झाडच दिसले असणार. आजी बाहेर जाईपर्यंत ती गेलेली होती.

हा अपघात विरळा नाही. अमेरिकेत दर वर्षी ३६ कोटी ५० लाख ते ९८ कोटी ८० लाख पक्षी इमारतींच्या काचांवर आदळून मरतात, असा अंदाज २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. आणि त्यातून वाचण्याचा नियमही साधा आहे, जो मी वाचावयास हवा होता. फीडर खिडकीपासून एक मीटरच्या आत असावा किंवा दहा मीटरांच्या पलीकडे. अगदी जवळ असेल तर उडतानाच पक्ष्याला वेग येत नाही, आदळला तरी इजा कमी होते. फार लांब असेल तर काच त्याच्या वाटेत येत नाही. मधले अंतर सर्वांत घातक, आणि आम्ही नेमके मधले अंतर निवडले होते. काचेवर बाहेरच्या बाजूने बोटाबोटावर ठिपके किंवा दोऱ्या लावल्यास आणखी बरे. दोन ठिपक्यांत पाच सेंटिमीटरहून अधिक अंतर नको. एखादेच मोठे चित्र चिकटवून भागत नाही.

मामेभावाला त्या मादीचे एक तांबूस पीस ठेवून घ्यावयाचे होते. मामाने ठेवू दिले नाही, कारण १९१८ च्या त्याच कायद्याखाली अशा पक्ष्याचे पीस बाळगणेही गुन्हा आहे. आजीने पक्षी झुडुपाखाली पुरला आणि मामाला फीडर काढून ठेवावयास सांगितले. दोन आठवडे फोनवर पक्ष्याचा विषय निघाला नाही. मीही काढला नाही. जागा मामाने निवडली खरी, पण सल्ला माझा होता.

फीडर पुन्हा लागला तो जानेवारीत, आजीच्याच सांगण्यावरून. नर रोज येऊन रिकाम्या आकडीवर बसतो, असे तिने पाहिले होते. या वेळी आकडी खिडकीच्या चौकटीलाच ठोकली, काचेपासून हातभर अंतरावर, आणि काचेला बाहेरून ठिपके लावले. पक्षी इतक्या जवळ येईल का, अशी शंका होती. तिसऱ्या दिवशी आला. वसंतात हाच नर काचेतील आपल्याच प्रतिबिंबाला प्रतिस्पर्धी समजून चोची मारू लागतो, पण त्यालाही बाहेरून काच झाकणे हाच उपाय, म्हणून ठिपके तेथेही उपयोगी पडले.

कार्डिनल पहाटे सर्वांच्या आधी आणि तिन्हीसांजेला सर्वांच्या नंतर फीडरवर येतो. म्हणून दाणे रात्री झोपण्यापूर्वी नव्हे तर दुपार उतरताना भरावेत, म्हणजे संध्याकाळी आणि दुसऱ्या पहाटे दोन्ही वेळा तयार सापडतात. हिवाळ्यात कोलंबसची घड्याळे आपल्या साडेदहा तास मागे असतात. तिकडे सातच्या पुढे फटफटते तेव्हा इकडे बेळगावात दिवेलागण झालेली असते. त्यामुळे आमच्या घरी तुळशीपाशी दिवा लावण्याची आणि आजीच्या कार्डिनलची वेळ एकच आहे, आणि मी तो पाहिला असेल तर तो असा, हातातल्या फोनवर.

स्वच्छतेविषयी आळस करू नये. निदान दोन आठवड्यांतून एकदा फीडर रिकामा करून घासावा, नऊ भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून बुडवावा, स्वच्छ धुऊन पूर्ण कोरडा करावा आणि मगच भरावा. ओले, गोळा झालेले दाणे टाकून द्यावेत. बुरशीचे दाणे विषच. १९९४ साली वॉशिंग्टन शहराच्या परिसरात हाऊस फिंच या पक्ष्यांत डोळे सुजून आंधळे करणारा रोग दिसला आणि काही वर्षांत पूर्वेकडे सर्वत्र पसरला. एकाच भोकात सर्वांनी डोकी घातल्याने फीडर त्याला हातभार लावतात. २०२१ च्या उन्हाळ्यात पूर्वेकडील अनेक राज्यांत पक्षी अशाच काही आजाराने मरू लागले, तेव्हा लोकांना फीडर उतरवून ठेवावयास सांगण्यात आले होते. दाणे घालण्यात पुण्य असेल, पण गर्दी जमविली की जबाबदारीही येते. २०२५ साली दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत जे वादळ उठले ते आठवावे.

आणखी एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत. पिले दाण्यावर वाढत नाहीत. कार्डिनलची मादी दोन ते पाच अंडी घालते, बारा-तेरा दिवसांत पिले निघतात, आणि त्यांना भरविले जातात ते मुख्यतः किडे-अळ्या. किडे झुडुपांत असतात. पिसांचा लाल रंगही अन्नातून येतो. फळांतील पिवळी-केशरी रंगद्रव्ये पक्ष्याच्या शरीरात लाल होतात. क्वचित एखाद्या पक्ष्यात ही क्रिया बिघडते. २०१८ साली अलाबामा राज्यात असा पूर्ण पिवळा नर फीडरवर येत होता आणि त्याची छायाचित्रे जगभर गेली. सांगावयाचे ते हे की डॉगवुड, रानद्राक्ष यांसारखी फळे देणारी तेथलीच झाडे-झुडुपे परसात असतील आणि त्यांवर कीटकनाशक मारले जात नसेल, तर साधा फीडरही पुरतो. नसतील, तर महागडा फीडरही दाण्याचे हॉटेल ठरतो. जोडपे जेवते आणि बिऱ्हाड दुसरीकडे करते. थंडीत न गोठणारे पाणी ठेवता आले तर फारच उत्तम.

मार्चमध्ये नराबरोबर पुन्हा एक मादी येऊ लागली. नर दाणा सोलतो आणि चोचीने तिच्या चोचीत घालतो, विणीच्या दिवसांत ही त्यांची रीतच आहे. आजीने ते पाहून मला सांगितले तेव्हा, "तुझ्या आजोबांनी कधी पाण्याचा तांब्या नाही दिला हो," असे म्हणून ती बराच वेळ हसली.

दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसातील पक्षी मोजण्याचा उपक्रम असतो. अमेरिकेत तो १९९८ साली सुरू झाला, २०१३ पासून जगभर चालतो, आणि त्याच दिवसांत आपल्याकडे महाविद्यालयांच्या आवारांतही पक्षिगणना होते. एका जागी निदान पंधरा मिनिटे उभे राहून दिसतील ते पक्षी मोजावयाचे आणि यादी पाठवावयाची, एवढेच काम. यंदा आजीने खिडकीशी बसून मोजले, मामेभावाने नोंद केली. मी आपल्या ग्रंथालयाच्या मागे चिंचेखाली उभी राहिले. संध्याकाळी आम्ही याद्या ताडून पाहिल्या. तिच्या यादीत कार्डिनल एक, चिकडी चार, कबुतराच्या जातीचे तीन. माझ्या यादीत कावळे नऊ, साळुंक्या सहा, बुलबुल दोन, घार एक.

"चिमण्या किती?" तिने विचारले.

"एकही नाही."

"माझ्याकडं सतरा आहेत," ती म्हणाली. "पाठवू का?"